ताई, हे पान उघडत नाहीये

मागच्या अंकात एका वाचकाला इंटरनेटवर पीडीएफ कशी शोधायची ते मी पाच-सहा ओळीत सांगितलं होतं, आणि त्यानंतर जी पत्रं आली ना, टेबलावर ठेवायला जागा उरली नाही, व्हॉट्सअॅपवर आली ती वेगळीच. सगळ्यांचा सूर एकच. वाचायचंय, पण साइट पैसे मागते, नाहीतर उघडतच नाही. मी जळगावच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत 27 वर्षं काढली, पुस्तक हवंय आणि मिळत नाहीये असा चेहरा करून काउंटरवर उभी राहिलेली किती मुलं बघितली असतील मोजता येणार नाही, त्यामुळे ह्या पत्रांना मी नुसतं "पैसे भरा" असं उत्तर देणार नाही. पण कुलूप फोडायची हत्यारंही वाटणार नाही, आणि का नाही ते पुढे येईलच. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून सहा निवडली.

"ताई, नमस्कार. आमची पाच एकर केळी आहे, टिश्यूची रोपं लावलीत. यंदा हरण्या रोग फार आला, झाडं उपटून उपटून थकलो. मुलाने मोबाइलवर शोधलं तर ह्याच रोगावरचा एक इंग्रजी रिसर्च पेपर सापडला, वरचं अर्धं पान दिसतं आणि खाली लिहिलंय की पूर्ण वाचायचं तर 39 डॉलर भरा. म्हणजे तीन हजारांच्या वर झाले. लिंक टाकली की पेपर उघडून देणारी वेबसाइट असते म्हणे, तिचं नाव सांगाल का?" (रावेर तालुक्यातून एक केळी उत्पादक)

भाऊ, तुमच्या मुलाकडून त्या पेपरचं नाव मागवून घेतलं आणि मी स्वतःच शोधायला बसले. पूर्ण नाव अवतरण चिन्हात टाकून गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या रिसर्च पेपर शोधायच्या पानावर, शोधलं. पहिलाच रिझल्ट तोच, पैसे मागणारा. पण त्याच्या खाली बारीक अक्षरात 'ऑल 5 व्हर्जन्स' असं लिहिलेलं होतं, तिकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. त्यावर क्लिक केलं तर पाच जागा उघडल्या आणि तिसऱ्या ओळीसमोर उजव्या बाजूला पीडीएफ लिहिलेलं होतं. तो पेपर लिहिणाऱ्याच्याच विद्यापीठाच्या साइटवर पडलेला होता, फुकट. सगळं मिळून चार मिनिटं लागली. मुलाच्या नंबरवर पाठवलाय, बघा आला का.

आता हे चोरून झालं का, तर नाही. बऱ्याच जर्नलच्या करारातच असतं की लेखकाने आपल्या लेखाची शेवटची मान्य झालेली प्रत काही महिन्यांनी स्वतःच्या संस्थेच्या साइटवर ठेवली तरी चालते. मजकूर तोच असतो, फक्त जर्नलची मांडणी आणि पान नंबर नसतात. तुम्हाला पान नंबराशी काय करायचंय.

हेच काम आपोआप करणारं एक साधन आहे, अनपेवॉल नावाचं. एक ना-नफा संस्था चालवते, 2017 पासून आहे, कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये फुकट बसवता येतं. पैसे मागणारा पेपर उघडला की पानाच्या कडेला एक छोटं कुलूप दिसतं, ते हिरवं असलं तर समजायचं की ह्याची कायदेशीर मोफत प्रत कुठेतरी आहे, क्लिक केलं की थेट तिकडे नेतं, आणि राखाडी असलं तर सापडली नाही. नाव ऐकून वाटतं की कुलूप तोडतंय, पण ते काहीच तोडत नाही, शेजारचं उघडं दार दाखवतं एवढंच. मुलाला सांगा की बहुतेक पेपरवर 10 ने सुरू होणारा एक लांब नंबर असतो, त्याला डीओआय म्हणतात, तो पेपरचा आधार नंबरच समजा, तो कॉपी करून ठेवला की पेपर कुठेही शोधता येतो.

तरी नाही सापडला तर लेखकाला मेल करायचा. लोकांना हे खोटं वाटतं पण खरंच चालतं. पेपरच्या पहिल्या पानावर लेखकाचा मेल दिलेला असतो, आणि जिथे पैसे मागतात तिथेही तेवढं दिसतं. तुम्ही जे 39 डॉलर भराल त्यातला एक रुपयाही त्या शास्त्रज्ञाला मिळत नाही, सगळे प्रकाशकाकडे जातात, त्यामुळे त्याला लपवायचं काही कारणच नसतं. उलट रावेरचा शेतकरी आपलं काम वाचायला मागतोय ह्याचा त्याला आनंदच होतो. मी एकदा आमच्या एका विद्यार्थ्यासाठी तमिळनाडूतल्या एका शास्त्रज्ञांना रात्री दहाला मेल टाकला होता, सकाळी सातला पीडीएफ आलेली, आणि सोबत दोन ओळी की अजून काही लागलं तर विचारा.

आणि भाऊ, इंग्रजी पेपरच्या आधी कृषिकोश बघा. भारतीय कृषी संशोधन परिषदेचा हा साठा आहे, देशातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात आहेत, आपल्या राहुरीचेसुद्धा. परदेशातला पेपर तिथल्या हवामानावर लिहिलेला, राहुरीच्या मुलाने केलेलं काम आपल्याकडच्या मातीवरचं असतं. तिरुचिरापल्लीला केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांच्या साइटवरही बरंच मोफत आहे.

तुमचा पेपर मी पूर्ण वाचला. मी काही शेतीतली तज्ज्ञ नाही, पण त्यात जे आहे ते आपल्याकडचे लोक सांगतात तेच आहे. हा काकडीवर्गीय पिकांवरचा विषाणू, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, एकदा झाडात शिरला की औषध नाही, रोगट झाड मुळासकट काढून लांब नेऊन पुरायचं, बांधावरचं तण काढायचं आणि केळीत किंवा शेजारी काकडी, भोपळा, मिरची असलं काही घ्यायचं नाही. फवारणी कोणती आणि कधी ते मात्र पालच्या कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जा आणि समोरासमोर विचारा, ते तुमच्याच तालुक्यात आहे, तिथे डॉलर लागत नाहीत.

"मॅडम, मी धुळ्यात रूम करून एमपीएससीचा अभ्यास करतोय. इंग्रजी पेपरमधले अग्रलेख वाचा म्हणून क्लासवाले सांगतात पण दोन लेख झाले की साइट बंद. आधी एक वेबसाइट होती, तिच्यात लिंक टाकली की उघडायचं, आता तीच बंद पडली. मग मित्राने ब्राउझरमध्ये टाकायचं एक एक्स्टेन्शन दिलं, ते पण चालेना. आता टेलिग्रामवर रोज सकाळी पीडीएफ येते, तीच वाचतो. मनाजोडे पैसा नहीत, मी काय करू? आणि ही साधनं बंद का पडतात?" (धुळे, देवपूर)

बाळा, आधी बंद का पडतात ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं आपोआप कळेल.

पैसे मागणाऱ्या साइट साधारण तीन तऱ्हेच्या असतात. एका तऱ्हेत पूर्ण लेख तुझ्या मोबाइलपर्यंत आलेला असतो आणि वरून फक्त पडदा टाकलेला असतो. दुसरी मीटरवाली, महिन्याला अमुक लेख फुकट. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च 2011 मध्ये महिन्याला 20 लेखांचं मीटर लावलं आणि मग जगभर ती पद्धत आली. ह्या मीटरचा हिशोब कुठे ठेवतात माहितीये का, तुझ्याच ब्राउझरमध्ये, कुकी नावाच्या छोट्या फाइलमध्ये. म्हणजे दुकानदाराने उधारीची वही गिऱ्हाइकाच्याच खिशात ठेवावी तसं. गिऱ्हाइकाने वही फेकली की उधारी शून्य. म्हणून ती जुनी साधनं चालायची. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे लॉगिन केल्याशिवाय लेख सर्व्हरमधून बाहेरच पाठवत नाहीत, तिथे तुझ्याकडे काही आलेलंच नसतं त्यामुळे कोणतंही साधन काही करू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत बहुतेक साइट पहिल्या दोन तऱ्हांवरून तिसरीकडे सरकल्या, एवढीच गोष्ट आहे. अजून एक वाट होती ती गुगलची. गुगलमध्ये लेख सापडायला हवा म्हणून साइट गुगलच्या यंत्राला पूर्ण लेख वाचू द्यायच्या, आणि ही साधनं आपण गुगलच आहोत असं सोंग घ्यायची किंवा गुगलने साठवलेली प्रत आणून दाखवायची. गुगलने 2017 मध्ये पहिला लेख फुकट दाखवायची सक्ती काढून टाकली आणि 2024 मध्ये साठवलेल्या प्रतीची लिंकच बंद केली. तू म्हणतोस ती वेबसाइट बहुतेक ट्वेल्व्ह फूट असेल, दहा फुटी भिंतीला बारा फुटी शिडी म्हणून ते नाव, अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या संघटनेच्या तक्रारीनंतर जुलै 2025 मध्ये ती बंद झाली. अशाच कामाचं एक प्रसिद्ध एक्स्टेन्शन 2023 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या दुकानातून काढलं गेलं.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते ऐक. अधिकृत दुकानातून काढल्यावर तेच नाव घेऊन दहा नकली एक्स्टेन्शन फिरायला लागतात, आणि मित्र देतो ते त्यातलंच असतं. बसवताना एक ओळ येते, "सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे", आणि आपण घाईत ओके दाबतो. त्या ओळीचा अर्थ खरोखर तोच आहे रे. तू बँकेत लॉगिन केलंस, एमपीएससीच्या साइटवर फॉर्म भरलास, आईच्या आधारचा ओटीपी टाकलास, ते सगळं त्याला दिसतं. आमच्या लायब्ररीतल्या एका कॉम्प्युटरवर एका मुलाने असं काहीतरी टाकलं होतं, दोन दिवसांत गुगल उघडलं की भलतंच पान यायला लागलं, आणि तिसऱ्या दिवशी एका मुलीचं स्कॉलरशिपचं खातं दुसऱ्याच कोणीतरी उघडलं. ती मुलगी तोरणमाळकडची, फॉर्म भरायला आठ तास प्रवास करून आली होती. तिच्यासमोर खुर्ची टाकून बसून आम्ही एकेक पासवर्ड बदलला. तिच्या हाताला कंप सुटला होता, मला तो अजून दिसतो. तेव्हा आज संध्याकाळी ते एक्स्टेन्शन आधी काढून टाक, पासवर्ड बदल, मग पुढचं वाच.

टेलिग्रामच्या पीडीएफचं म्हणशील तर अख्खा पेपर असा वाटणं कॉपीराइटचा भंग आहे, एका हिंदी वृत्तपत्र समूहाच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने 2020 मध्ये टेलिग्रामला असे चॅनेल बंद करायला सांगितलं होतं. तुला कोणी पकडायला येणार नाही, पण उद्या तू सरकारी अधिकारी व्हायला निघालायस आणि रोजची सुरुवात ह्याने होतेय, ते तुझं तुलाच बरं वाटणार नाही.

मग करायचं काय. धुळ्यात गरुड वाचनालय आहे, तिथे सकाळी जा आणि कागदावर वाच. देवपूरहून सायकलवर किती वेळ लागतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. कागदाला मीटर नसतं. दुसरं म्हणजे अग्रलेख ज्याच्यावर लिहिलेला असतो ते मूळ कागद वाच, ते सगळे फुकट आहेत. पीआयबी ह्या केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्याच्या साइटवर सरकारी निर्णय, पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चवर प्रत्येक विधेयकाचा सोप्या इंग्रजीतला सारांश, महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठीत पीडीएफ, सुप्रीम कोर्टाचे निकाल 2023 पासून कोर्टाच्याच ई-एससीआर साइटवर मोफत. अग्रलेखवाला हेच वाचून लिहितो. तू मूळ वाचलंस तर उत्तरात तुझं स्वतःचं वाक्य येईल, बाकीच्या हजार मुलांसारखं पाठ केलेलं येणार नाही.

आणि तरी एखादा पेपर रोज हवाच असेल तर रूमवर चौघं आहात ना, वर्षाची ऑनलाइन वर्गणी काढून बघ आणि सणासुदीला सवलत येते तेव्हा घे, पण घेण्याआधी नियमात बघ की किती जणांनी वापरलेली चालते.

"मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अनुदानित कॉलेजात शिकवतो, जळगावच्या विद्यापीठात पीएचडीची नोंदणी आहे, विषय रसायनशास्त्र. एका प्रकरणाला साठ-सत्तर पेपर लागतात. पेपर फुकट उघडून देणारी साय-हब साइट वापरायचो, आता तीही उघडत नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ह्या सरकारी जर्नल-वर्गणीच्या योजनेचं एवढं ऐकलं, पण आमच्या कॉलेजला काही मिळालेलं नाही." (एक प्राध्यापक)

सर, तुमचा राग मला पूर्ण कळतो. संशोधनाचा पैसा बहुतेक करदात्याचा, पेपर तपासणारे प्राध्यापक फुकट तपासतात, आणि तोच पेपर वाचायला तुम्हालाच बिल. ह्याच चिडीतून कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान ह्या मुलीने 2011 मध्ये साय-हब काढलं. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी ह्या तिघांनी डिसेंबर 2020 मध्ये दिल्ली हायकोर्टात केस टाकली आणि ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टाने ती साइट भारतात ब्लॉक करायला लावली. म्हणून तुमच्याकडे उघडत नाही. त्याच नावाच्या नकली साइट आता ढीगभर आहेत, तिकडे जाऊ नका, पीएचडीचा डेटा असलेल्या लॅपटॉपवर तर नाहीच नाही.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 ला मंजुरी दिली, 2025 ते 2027 अशा तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स. पण त्यात आल्या त्या सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था, 6,300 च्या वर, आणि अनुदानित कॉलेज त्यात धरलेलं नाही, तिथेच तुम्ही अडकलात. मला हे अजिबात पटत नाही. अक्कलकुवा-शहाद्याकडची पोरं ज्या कॉलेजात शिकतात ती बहुतेक अनुदानितच आहेत, आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर राहिला.

पण तुमच्याकडे एक वाट आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली नाही. तुम्ही कॉलेजचे प्राध्यापक आहात, तसेच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थीही आहात, आणि ते राज्य विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोंदणीची पावती घेऊन जा आणि घरून वापरायचं लॉगिन मागा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ही सगळी योजना सांभाळतं, आणि घरून वापरायला त्यांचीच इन्फेड नावाची सोय आहे. पहिल्या खेपेला "साहेब रजेवर आहेत" ऐकायला मिळेल, तरी दुसऱ्यांदा जा. तुमच्या कॉलेजला इन्फ्लिबनेटचंच एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणारी सोय, घेता येते का ते प्राचार्यांसोबत बसून बघा, सरकारी आणि अनुदानित कॉलेजांसाठी ती काढलेली आहे.

शोधगंगा तर तुम्ही बघतच असाल, देशभरातले लाखो प्रबंध. एक छोटी गोष्ट सांगते, प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, ते आधी उघडा. ज्या साठ पेपरच्या मागे तुम्ही लागलात त्यातले चाळीस तिथे कोणीतरी वाचून, सार काढून ठेवलेले असतात. मग मूळ पेपर वीसच लागतील आणि ते मागवता येतील.

"माझा मुलगा जर्मनीत आहे. तिकडून त्याला आपल्या शेताचा सातबारा बघायचा होता, साइटच उघडत नाही म्हणतो. फुकटचं व्हीपीएन टाकू का विचारतोय. ते गुन्हा आहे का?" (चाळीसगावहून एक आई)

ताई, गुन्हा नाही. आपल्याकडच्या काही सरकारी साइट परदेशातून येणाऱ्याला बंद ठेवतात, हॅकिंगच्या भीतीने, त्यात तुमच्या मुलाची काही चूक नाही. व्हीपीएन म्हणजे आपण दुसऱ्याच ठिकाणाहून आलोय असं साइटला दाखवणारं साधन, ते भारतात वापरायला बंदी नाही, फक्त 2022 मध्ये सर्ट-इन ह्या केंद्राच्या संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, त्यावरून काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर काढून नेले. पण फुकटचं व्हीपीएन नको. त्याचा खर्च कोणीतरी भरतच असतं, आणि बहुतेक वेळा तो तुमच्या मुलाच्या माहितीतून निघतो.

आणि मुळात इतकं लांब जायचंच कशाला. तुम्ही चाळीसगावात आहात. महाभूमीच्या साइटवर गट नंबर टाकून तुम्हीच बघा, बिनसहीचा सातबारा बघायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. फोटो काढून मुलाला पाठवा. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला हाताशी घेतलंत तर दहा मिनिटांत होईल, आणि पुढच्या वेळी तुम्ही एकट्या कराल.

"खान्देशच्या इतिहासावर लिहितोय, वय 74. जुन्या लेखांच्या लिंक मेल्या आहेत आणि जुनी पुस्तकं ऑनलाइन दुकानात हजारो रुपयांना विकतात." (अमळनेर)

काका, ज्या पुस्तकाला हजार रुपये मागतात त्यातली कितीतरी तुमचीच आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं सगळं 2011 पासून मोकळं आहे, तुमच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, 1880 चा, पूर्ण खान्देशवर आहे आणि तो इंटरनेट आर्काइव्हवर शब्दन्‌शब्द मोफत आहे. दुकानात जी नवी छापील प्रत विकतात ती त्याच स्कॅनवरून काढलेली असते बऱ्याचदा.

मेलेल्या लिंकसाठी इंटरनेट आर्काइव्हचंच वेबॅक मशीन. जुना पत्ता तिथे टाकायचा, मग कॅलेंडर येतं, आणि ज्या तारखांवर निळा ठिपका दिसतो त्या दिवशीचं पान तसंच्या तसं उघडतं. 2001 पासून लोकांना खुलं आहे, ऑक्टोबर 2025 मध्ये त्यांच्याकडची पानं एक लाख कोटींवर गेली. आणि आज जे पान महत्त्वाचं वाटतंय ते तुम्ही स्वतःही तिथे साठवू शकता, 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये पत्ता टाकायचा. ही सवय लावाच. आपल्याकडे गावागावातले हौशी लोक अहिराणी म्हणी, लग्नातली गाणी, कानबाईच्या ओव्या कुठेतरी लिहून ठेवतात, वर्षाचे पैसे भरायचे राहतात आणि साइट एका रात्रीत जाते. मी तर असं काही दिसलं की आधी साठवते आणि मग वाचते.

बाकी जे इंटरनेटवर नाहीच त्यासाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, हे तुम्हाला माहीत असणारच. तिथे एसटीने जावं लागतं आणि पोथीला स्वतःच्या हाताने हात लावायला मिळतो.

"तुम्ही मागच्या अंकात फुकट वाचायचे उपाय सांगितले. मी पाचोऱ्याकडे वीस वर्षं बातमीदार आहे. आमच्या पेपरने मागच्या वर्षी वेबसाइटवर वर्गणी लावली आणि लोक मलाच फोन करून विचारतात की कुलूप कसं काढायचं. ताई, तुमच्यासारख्यांनी तरी असं शिकवू नये." (एक वार्ताहर)

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मागच्या अंकात मी रिसर्च पेपर आणि सरकारी कागदांबद्दल सांगितलं होतं, पण ते नीट वेगळं करून सांगितलं नाही, ही माझी चूक झाली आणि ती इथे मान्य करते.

जर्नलचा प्रकाशक आणि तुमचा पेपर ह्या दोन गोष्टी एक नाहीत. तिथे लिहिणाऱ्याला पैसे मिळतच नाहीत. तुमच्याकडे मात्र वर्गणी थांबली की बातमी थांबते. गिरणेला पूर आला की रात्री दोनला पुलावर टॉर्च घेऊन कोण उभं असतं, कापसाचा भाव बाजार समितीत खरंच किती निघाला हे व्यापाऱ्यासमोर उभं राहून कोण विचारतं, ग्रामसभेचं इतिवृत्त मागायला दहा हेलपाटे कोण मारतं. आमच्या कॉलनीत पाणी सोळाव्या दिवशी आलं तेव्हा ती चार ओळींची बातमी तुमच्यासारख्याच एकाने लावली होती, आणि अठराव्या दिवशी टँकर आला. दिल्ली-मुंबईच्या कोणत्याही पेपरला आमच्या टाकीचं काही पडलेलं नाही. आणि वार्ताहराला मिळतं किती, तर बऱ्याच ठिकाणी बातमीमागे काही रुपये आणि वर जाहिरात आणायचं टार्गेट. मग जो जाहिरात देतो त्याच्याविरुद्ध लिहायचं कसं, हा प्रश्न तुम्ही रोज गिळत असाल. वाचकाची वर्गणी आली तर तेवढा तरी तो घास कमी होतो.

म्हणून माझ्या वाचकांना स्पष्ट सांगते, जिल्ह्याच्या पेपरचं कुलूप काढायचा उपाय मला माहीत असला तरी मी सांगणार नाही, आणि माहितीये म्हणून वापरणारही नाही. घरात दोन वर्गण्या मी भरते, एक कागदी पेपरची आणि एक ऑनलाइन. ज्याला खरंच परवडत नाही त्याने जळगावात व. वा. जिल्हा वाचनालयात जावं, तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या वाचनालयात जावं, तिथे पेपर विकत घेतलेला असतो आणि दहा जणांनी वाचला तरी पेपरवाल्याचे पैसे त्याला पोचलेले असतात.

तुमच्या मालकांनाही एक निरोप द्या पण. वेबसाइटवर वर्षाचे पैसे एकदम मागू नका, आमच्याकडे हाती पैसा येतो तो कापूस निघाल्यावर आणि केळी कापल्यावर. महिन्याचे वीस-तीस रुपये यूपीआयने घ्या, आणि पुराची, साथीची, परीक्षेच्या तारखेची बातमी सगळ्यांना उघडी ठेवा. तुमच्या पेपरची ऑनलाइन वर्गणी किती आहे आणि कुठे भरायची ते मला कळवा, तिसरी वर्गणी तीच घेते.